इथे उजेड चांगला आहे

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा हमखास विचारतो, सध्या काय चाललंय? मी सांगतो, जेवणाचे फोटो काढतो. त्याला वाटतं पंगतीचे. मग मी खुलासा करतो की पंगतीचे नाही, नुसत्या जेवणाचे. भाजीचे, भाकरीचे, रश्श्याचे. तो एकदा माझ्याकडे बघतो, एकदा स्वतःच्या पानाकडे बघतो आणि यंदा उसाला तोड कधी मिळाली ते सांगायला लागतो.

त्याचं काही चुकत नाही. साठी उलटली तरी या कामाला धंदा म्हणताना माझीही जीभ जरा अडखळते. शिरूरला माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, सगळं केलं. पुढे लग्नं ड्रोन उडवणाऱ्या पोरांकडे गेली आणि पासपोर्ट फोटो लोक मोबाइलवर काढायला लागले. त्याच सुमारास एका हॉटेलवाल्याने मेनूकार्डासाठी मिसळीचा फोटो काढायला बोलावलं. तो बघून दुसऱ्याने बोलावलं. आता घरबसल्या जेवण मागवायची ॲपं आली, तसे खानावळवाले, ढाबेवाले, घरून डबे देणाऱ्या बायका, सगळ्यांनाच फोटो लागतात. शिरूर, दौंड आणि मधली गावं एवढा माझा मुलूख. मोटारसायकलच्या मागे सामान बांधायचं आणि निघायचं.

या कामात कॅमेऱ्याचा वाटा थोडा, उजेडाचा जास्त. समोरून फ्लॅश मारला की मटणात आणि मातीच्या ढेकळात काही फरक उरत नाही. उजेड बाजूने यावा लागतो, नाहीतर मागून. बाजूने आला की जिनसाचा पोत दिसतो. मागून आला की वाफ दिसते. आणि तो मऊ असावा लागतो. उघड्या बल्बचा उजेड टोचतो, काळ्या कडक सावल्या पाडतो. मध्ये पांढरं कापड धरलं की तोच उजेड पसरतो आणि निवतो. मोठ्या शहरात त्यासाठी सॉफ्टबॉक्स वापरतात, म्हणजे दिव्याच्या तोंडाला पांढरं कापड ताणलेली पेटी. ती माझ्याकडेही आहे. पण घराला खिडकी असेल तर मी पेटी उघडतसुद्धा नाही. वडिलांचं धोतर दुहेरी करून खिडकीला लावतो. इतकं धुतलेलं कापड विकत कुठे मिळत नाही.

वडिलांची दुसरी वस्तू म्हणजे घोंगडी. आमचं घराणं मेंढरांमागे फिरणारं. मांडवगण फराट्याला जमीन घेऊन स्थिरावलो ते वडिलांच्या उतारवयात. पांढरी वस्तू उजेड परतवते, काळी तो गिळून टाकते. ताटाच्या कडेला नको ती चमक आली की मी काळी घोंगडी आडवी धरतो, चमक जाते. पुण्याहून कुणी बडं गिऱ्हाईक आलं की मी तिला ब्लॅक क्लॉथ म्हणतो. खास मागवलंय, असंही एकदा सांगितलं होतं.

गिऱ्हाइकं नमुनेदार भेटतात. कासुर्डीजवळ हायवेला एक ढाबा आहे, त्याच्या मालकाला सगळे आप्पा म्हणतात. त्यांना मटणाच्या हंडीचा फोटो हवा होता आणि तो चमकायला पाहिजे होता. मी धोतर लावलं तर म्हणाले, उजेड अडवताय कशाला? त्यांनी ढाब्यातले झाडून सगळे दिवे लावले, गोठ्यातला हॅलोजनही आणवला. आता रश्श्यावरची तर्री म्हणजे आरसाच असतो. फोटो काढला, तर तर्रीत सगळे दिवे मोजून घ्यावेत असे उमटलेले आणि मधोमध वाकून बघणारे आप्पा, टोपीसकट. चूक दिसली की माणूस ऐकतो, म्हणून मी त्यांना फोटो मोठा करून दाखवला. आप्पा खूश झाले. "मी बी आलो की," म्हणाले. तोच फोटो फ्लेक्सवर गेला आणि वादळात फ्लेक्स फाटेपर्यंत आप्पा हायवेवरच्या गाड्यांना रश्श्यातून बघत राहिले.

खोटेपणाही या धंद्यात पुष्कळ. तळेगाव ढमढेऱ्याला एका दुकानात आइस्क्रीमचे फोटो काढायचे होते. उन्हाळ्याचे दिवस, आइस्क्रीम दोन मिनिटं टिकेना. मी उकडलेला बटाटा कुस्करून, रंग घालून त्याचे गोळे केले. काम झालं, मी सामान आवरत होतो. तेवढ्यात दुकानदाराचे म्हातारे वडील आले, वाटी उचलली आणि शांतपणे सगळी संपवली. जाताना मला म्हणाले, मीठ कमी हाय. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण खोटं खपतं याची सवय अशानेच लागते, हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो, वरचं सगळं हात सैल करायला होतं.

दौंडला रेल्वेच्या पलीकडच्या वस्तीत सुनंदाताई राहतात. वय चाळिशीच्या आतलं. नवरा, प्रकाशराव, एमआयडीसीत एका कंपनीत होते. ती कंपनी बंद पडली आणि ते कामासाठी रोज वेगवेगळ्या गेटवर जाऊन उभे राहायला लागले. सुनंदाताई रेल्वेतल्या पाच-सहा जणांना डबे द्यायच्या, पण त्यातल्या बहुतेकांच्या बदल्या झाल्या. उरलेला मार्ग एकच, ॲपवर नाव लावायचं. अर्ज मंजूर झाला होता, आता फोटो द्यायचे होते. फोनवर त्यांनी मला सरळ सांगितलं, "मामा, हे चाललं तर घर चालंल. फोटो नीट झालं पायजेत."

सकाळी नऊला मी पोचलो. दोन खोल्यांचं घर, आरशासारखी फरशी. पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी होती. तिच्यातून येणारा उजेड उजव्या हाताच्या भिंतीवरून घासत जात होता. त्या भिंतीपाशी टेबल ठेवलं की बास. एवढा चांगला उजेड मला माझ्या स्टुडिओतही कधी मिळालेला नाही. मी टेबल ठेवलं, त्यावर रिकामं ताट ठेवलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. ताटाच्या मागे भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धांची. तिच्या शेजारी निळ्या कोटातली, जी कुणाची ते आपल्याकडे सांगावं लागत नाही.

मी डोळा काढला. हॉटेलात बसून मी अनेक वर्षं माणसांचं बोलणं ऐकत आलो आहे. जेवण कसं आहे हे विचारण्याआधी हॉटेल कुणाचं आहे हे विचारणारे लोक मला माहीत आहेत. आडनाव कळलं की उठून पुढच्या ढाब्यावर जाणारेही मी पाहिले आहेत. हा फोटो ॲपवर लागला तर काय होईल याचा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. तसबिरी उतरवा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मग मी कपाटाजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "इथे उजेड चांगला आहे."

सुनंदाताईंनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. टेबलाचं दुसरं टोक धरून त्यांनी ते कोपऱ्यात न्यायला मदत केली.

कोपऱ्यात अंधार होता. त्यामुळे दिवा काढावा लागला, पेटी काढावी लागली, स्टँड, वायरी, सगळं गबाळ बाहेर आलं. सुनंदाताईंना भारी उत्सुकता. हे कशाला, ते कशाला, असं विचारत होत्या आणि मलाही शिकवायची हौस. पेटीने उजेड मऊ का होतो, थर्माकोलचा तुकडा समोर धरला की सावली फिकी का होते, सगळं सांगितलं. त्यांनी घोंगडी उचलून विचारलं, हे काय? मी सवयीने ब्लॅक क्लॉथ म्हणून गेलो. त्यांनी ती बोटांत चोळून बघितली. "घोंगडी हाय की मामा," त्या म्हणाल्या. मला हसू आलं. म्हटलं, व्हय, वडलांची हाय. तेवढ्यावरून आमची चांगली गट्टी जमली.

वांग्याचं भरीत झालं, मटकीची उसळ झाली, सुकटाची चटणी झाली, रस्साही झाला. चार फोटो निघाले. बरे होते, फार चांगले नव्हते. मग भाकरीची पाळी आली. भाकरी ही फोटोला फार अवघड गोष्ट. चपटी, करडी, समोरून बघितली तर पत्र्याचा तुकडा. पण बाजूने तिरपा उजेड पडला तर तिच्यावर थापणारीची बोटं उमटलेली दिसतात. प्रत्येक बाईची बोटं वेगळी. हे मी सुनंदाताईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी हातातल्या भाकरीकडे नव्यानेच बघितल्यासारखं बघितलं.

मी दिवा इकडे तिकडे हलवत होतो, काही केल्या बोटं नीट उठेनात. तेवढ्यात सुनंदाताईंनी भाकरीचं ताट उचललं, खिडकीजवळच्या भिंतीपाशी नेलं आणि हातात धरून खाली मान घालून बघितलं. मग ते परत कोपऱ्यात आणलं आणि तसंच बघितलं. असं दोनदा केलं.

"मामा, तिथं बोटं दिसत्यात. हितं दिसत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मग हितं उजेड चांगला हाय, ते कसं?"

आवाज चढलेला नव्हता. तासभर जे शिकवलं त्यातली शंका विचारावी तसं त्या विचारत होत्या. पण विचारताना त्या भाकरीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. उजेडाबद्दल मला कुणी काही विचारलं आणि मला बोलता आलं नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

शेवटी मी खरं ते बोललो. म्हटलं, ताई, लोक कसे असतात तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भल्याचा विचार केला.

"माझ्या भल्याचा इचार केला, पर मला न्हाई इचारलं," सुनंदाताई म्हणाल्या.

मग त्यांनी ताट खाली ठेवलं आणि सांगितलं ते असं. आदल्या दिवशी संध्याकाळी, मी येणार म्हणून, त्यांनी स्वतःच ती निळ्या कोटातली तसबीर उतरवून कपाटात ठेवली होती. नवऱ्यालाही बोलल्या नव्हत्या. सकाळी भाकऱ्या थापायला बसल्या तर भिंतीवर तसबिरीएवढा स्वच्छ चौकोन दिसायला लागला. पाठ फिरवून बसल्या तरी तो तिथे आहे हे कळत होतं. पहिली भाकरी तव्यावर करपली. तेव्हा उठल्या, पिठाच्या हातानेच तसबीर काढली, काच पुसली आणि जागेवर लावली. "माझं माझ्याशी भांडण मिटलं व्हतं, मामा. तुम्ही आला आन् परत सुरू केलं," त्या म्हणाल्या.

मला माझी लाज वाटली. जात मानत नाही असं मी नेहमी म्हणायचो आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण वडिलांची घोंगडी लपवणारा मी, सुनंदाताईंची तसबीरही तितक्याच सहज लपवायला निघालो होतो. ती लपवायला मला दुसरं काही सापडलं नाही, सापडला तो उजेड. ज्या एका गोष्टीत माझ्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, तिच्यातच मी खोटं बोललो. मी त्यांना म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी धोतर उचललं आणि त्या खिडकीकडे गेल्या.

टेबल पुन्हा भिंतीपाशी आलं. आता नवीनच अडचण. तसबिरीच्या काचेत समोरची पांढरी भिंत, माझा पांढरा सदरा, सगळं उमटत होतं आणि आतलं चित्र धुवून निघाल्यासारखं दिसत होतं. माझ्या पाठीमागे काहीतरी मोठं आणि काळं धरायला हवं होतं. तेवढ्यात प्रकाशराव आले. त्या दिवशीही काम मिळालेलं नव्हतं, ते चेहऱ्यावरच होतं. काय चाललंय हे सुनंदाताईंनी त्यांना चार शब्दांत सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, घोंगडी घेतली, दोन्ही हात पसरून माझ्या मागे उभे राहिले. काचेतली चमक गेली. निळा कोट स्वच्छ दिसायला लागला.

मी सुनंदाताईंना विचारलं, मागचं किती दिसू द्यायचं? अंधूक ठेवता येतं, स्पष्टही ठेवता येतं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "वळखू येईल एवढं दिसू द्या. पर पुढं भाकरीच असू द्या." तसाच फोटो काढला. भाकरीवर पाचही बोटं उठली होती. प्रकाशराव फोटो बघून बायकोला म्हणाले, हात तुझाच हाय. बाकीचे पदार्थही आम्ही तिथेच पुन्हा काढले. कोपऱ्यातले चार फोटो पुसून टाकतो, असं मी सांगितलं.

दुपार झाली. सुनंदाताई म्हणाल्या, मामा, जेवून जा. आता मी कामाच्या ठिकाणी जेवत नाही. जेवण झालं की अंग जड होतं, गाडी चालवताना झोप येते, म्हणून ही फार जुनी सवय आहे. कासुर्डीच्या आप्पांकडेही मी कधी जेवलो नाही. हे अगदी खरं कारण होतं. ते मी तोंडापर्यंत आणलं आणि माझं मलाच कळलं की सकाळच्या त्या वाक्यानंतर या घरात हे कुणालाही खरं वाटणार नाही. एकदा खोटं बोललं की आपलं खरंही असं बाटतं. मी मोरीवर जाऊन हात धुतले आणि प्रकाशरावांच्या शेजारी बसलो. तीन भाकऱ्या खाल्ल्या. रश्श्याचं वर्णन करत नाही, माझ्याने होणार नाही.

फोटो ॲपवर लागले. नवव्या दिवशी सुनंदाताईंचा फोन आला. एवढ्या दिवसांत दोनच ऑर्डरी आल्या होत्या, त्याही वस्तीतल्याच. प्रकाशराव एका ठेकेदाराकडे रोजावर जायला लागले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मामा, ते कोपऱ्यातलं फोटो अजून हायत का?"

होते. पुसतो म्हणालो होतो, पण फोटोग्राफरच्या हातून फोटो पुसला जात नाही. क्षणभर वाटलं, नाहीत म्हणून सांगावं. पुसले म्हणालो की त्यांचा तो सकाळचा निश्चय तसाच राहील, मोडायची सोयच उरणार नाही. मग ध्यानात आलं की हाही त्यांच्या भल्याचा विचार, त्यांना न विचारता.

"हायत," मी म्हणालो. "पाठवू?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "पाठवा," त्या म्हणाल्या. मी चारही फोटो तेव्हाच पाठवले.

त्यानंतर रोज सकाळी मी मोबाइलवर त्यांचं पान उघडून बघायला लागलो. बायको विचारायची, घरचं जेवण गोड लागेना का? फोटो बदलले असते तरी मी त्यांना नाव ठेवलं नसतं. पोट त्यांचं होतं, घर त्यांचं होतं. आठवडा गेला, महिना गेला. भाकरी होती, तिच्यामागे निळा कोट होता. दिसला की मी मोबाइल ठेवून कामाला लागायचो.

पावसाळा संपल्यावर त्यांनी नवीन पदार्थांच्या फोटोंसाठी बोलावलं. प्रकाशराव घरीच होते, डबे बांधत होते. ठेकेदाराकडचं काम त्यांनी सोडलं होतं. रांग लागते असं काही नाही, पण रेल्वेचे लोक, कॉलेजची मुलं, हायवेवरचे दोन-तीन ड्रायव्हर, रोजची बांधलेली गिऱ्हाइकं झाली होती. मला राहवेना. मी विचारलं, ताई, मी पाठवलेले ते फोटो तुम्ही लावले का नाहीत?

सुनंदाताई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"लावणार व्हते, मामा. बोट ठेवलं व्हतं बटनावर. मग मनात आलं, त्यो फोटो बघून जे येतील, त्येंच्यासाठी रोज भीत भीत रांधायचं. कुणी डबा न्यायला दारात आलं की आधी आपणच भिंतीकडं बघायचं." त्यांनी पिठाचा गोळा उचलला, तळहातावर घेतला. "आता जे येत्यात, ते बघून येत्यात. त्येंना वाढताना माझा हात आखडत न्हाई."